जुने गोल्फ मैदान मूळ आखणीसह पुन्हा उभे करताना : कोकण किनाऱ्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ सालची, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटण्याच्या अकरा वर्षे आधीची. तो क्लब आज उरलेला नाही. मात्र कोकण किनाऱ्याच्या उत्तर भागात, मुंबईत, १९१८ चा विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब, चेंबूरचा १९२७ चा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आणि कुलाब्याच्या टोकाशी समुद्राला लागून असलेले युनायटेड सर्व्हिसेस (यू. एस.) क्लबचे मैदान अजून खेळते आहे. याखेरीज किनाऱ्यावर एखाद्या जुन्या छावणीच्या, जिमखान्याच्या किंवा साहेबी बंगल्याच्या आवारात पाच-सहा होलांची (होल म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेपासून चेंडू घालायच्या खळीपर्यंतचा पट्टा) पुसट झालेली आखणी हाती लागू शकते. अशा मैदानाची जबाबदारी ज्या समितीवर, वास्तुरचनाकारावर किंवा मुख्य माळ्यावर येते, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

बहुतेक समित्या सुरुवात गवताच्या ऑर्डरीने करतात, आणि तेथेच काम बिघडते. किनाऱ्यावरच्या जुन्या मैदानांची आखणी तीन गोष्टींना दिलेले उत्तर होती : खाली जांभा, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कडक कोरड. वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारी जमीन मार्गशीर्षात पिवळी पडू लागते. ज्याने पहिल्यांदा येथे खुंट्या ठोकल्या त्याला हे पुरते ठाऊक होते, कारण त्याच्याकडे पंप नव्हते आणि बुलडोझरही नव्हता. त्याने जेथे जेथे जमिनीपुढे मान तुकवली, त्या जागा ओळखणे हे पुनर्स्थापनेचे पहिले काम. गवत अगदी शेवटी येते.

आधी साल ठरवा

‘मूळ रूप’ असे म्हटल्याने काहीच ठरत नाही, कारण कोणतेही मैदान एका दिवसात होत नाही. अमेरिकेतील पाइनहर्स्टचे दुसऱ्या क्रमांकाचे मैदान आखणीकार डोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली खुले केले, पण त्याची ग्रीने, म्हणजे खळीभोवतीचे सपाट केलेले तुकडे, १९३५ पर्यंत वाळू-मातीची होती आणि त्यानंतर तेथे गवत आले. २०१० आणि २०११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या आखणीकारांनी त्याची पुनर्स्थापना केली तेव्हा त्यांनी १९०७ निवडले नाही. रॉस यांच्या हयातीत ते मैदान जेथवर पोहोचले होते तो काळ त्यांनी प्रमाण मानला आणि १९४३ च्या नाताळात घेतलेल्या एका हवाई छायाचित्राचा आधार घेतला. फेअरवेच्या, म्हणजे होलमधील कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, मधोमध गेलेली जुनी पाण्याची मुख्य नळी त्यांना मूळ मध्यरेषा दाखवून गेली. पुढे पाणी फवारणारी सुमारे ११५० तोंडे कमी करून ४५० वर आणली गेली आणि त्याच मैदानावर २०१४ साली पुरुषांची व स्त्रियांची अमेरिकन ओपन स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत खेळवली गेली. आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब अशी की तेथे काम झाले ते प्रामुख्याने काढून टाकण्याचे, आणि तेही कोणत्या सालापर्यंत मागे जायचे हे कागदावर ठरवून.

आपल्याकडे साल निवडताना तीन निकष लावावेत : त्या काळाचा पुरावा पुरेसा आहे का, त्या काळी आखणी पूर्णत्वाला गेली होती का, आणि ती आजच्या जमिनीवर शिल्लक किती आहे. तिन्हींत बसणारे साल सर्वांत जुने असेलच असे नाही. नऊ होलांचे मैदान पुढे अठराचे झाले असेल आणि नंतरच्या नऊ होलांत अधिक कौशल्य दिसत असेल, तर केवळ जुनेपणाच्या मोहाने ती पुसणे मला योग्य वाटत नाही. ऐतिहासिक उद्यानांविषयीची फ्लॉरेन्स सनद १९८१ साली तयार झाली. तिच्यात उद्यानाला जिवंत स्मारक मानले आहे, म्हणजे वाढणे आणि बदलणे हा त्याच्या स्वभावाचा भाग धरला आहे. तोच न्याय मैदानालाही लागू होतो.

कागद गोळा करण्याची पद्धत

कागदांचा शोध दोन दिशांनी घ्यावा लागतो. पहिली दिशा जमिनीची. तलाठ्याकडील सातबारा आणि जुने फेरफार, भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशा, शहर हद्दीत असल्यास मालमत्ता पत्रक, आणि जमीन सरकारी भाडेपट्ट्याने असेल तर पट्ट्याचा मूळ करार, हे सारे आधी नकलून घ्यावे. करारातील ‘वापर’ या रकान्यातील शब्द नीट वाचावेत, कारण पुढे परवानगी मागताना तेच शब्द समोर येतात. गाव नकाशावर पायवाटा, पाणंदी, विहिरी आणि देवस्थानाच्या जागा दाखवलेल्या असतात. मैदानातून देवळाकडे जाणारी वाट किंवा भातकापणीनंतर गुरे सोडण्याची वहिवाट असेल, तर ती त्या आखणीइतकीच जुनी असू शकते. तिला कुंपण घालून गावाशी भांडण ओढवून घेण्यापेक्षा नकाशात ती स्पष्ट दाखवून तिच्याभोवती खेळाची आखणी सांभाळणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी दिशा खेळाची. क्लबाची इतिवृत्ते, हिशेबाच्या वह्या, जुनी स्कोअरकार्डे, चषकांवरील कोरीव मजकूर, सभासदांच्या घरातील अल्बम आणि क्लबहाउसच्या भिंतीवरचे फोटो यांचा यात समावेश होतो. स्कोअरकार्डावर प्रत्येक होलची लांबी यार्डांत असते आणि ती दोन-तीन वेगवेगळ्या सालांची मिळाली, तर कोणता होल कधी बदलला हे जवळपास निश्चित सांगता येते. हिशेबाच्या वहीला कमी लेखू नये. ‘वाळू, बैलगाडी’, ‘तेल’, ‘बांध दुरुस्ती’ अशा रुक्ष नोंदींतून बंकर, म्हणजे अडथळा म्हणून केलेले खळगे, कोणत्या हंगामात भरले जात आणि ग्रीन गवताची होती की वाळूची, हे उलगडते. मुंबईतील महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात जुन्या महसूल आणि लष्करी खात्यांची दप्तरे आहेत. छावणीच्या मैदानाचा शोध तेथूनच सुरू करावा.

नकाशांत भारतीय सर्वेक्षण विभागाची एक मैलाला एक इंच प्रमाणाची जुनी पत्रके उपयोगी पडतात. त्यांत होल दिसणार नाहीत, पण पऱ्या (ओहोळ), बांध, रस्ते आणि झाडीची सीमा मिळते. हवाई छायाचित्र नसेल तर अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली चित्रे पाहावीत. ती १९९५ साली खुली झाली आणि अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शेवटच्या पिढीतील कॅमेऱ्यांची चित्रे सुमारे दोन मीटर आकाराच्या वस्तूपर्यंत स्पष्ट आहेत. जानेवारी ते एप्रिलमधील चित्र निवडावे. पावसाळ्यात ढग असतात, आणि ढग नसले तरी सगळेच हिरवे असल्याने फेअरवे आणि रफ, म्हणजे कडेचे वाढू दिलेले गवत, वेगळे काढता येत नाहीत.

कागदांइतकाच मोलाचा पुरावा जुन्या कॅडींचा (खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्यांचा) आणि माळ्यांचा असतो. त्यांच्याशी कार्यालयात बसून बोलू नये. मैदानावर चालत, शक्यतो सकाळी, हातात नकाशा न देता बोलावे. क्लबाच्या कागदावर होलांना क्रमांक असतात, पण कॅडींच्या बोलण्यात तो ‘आंब्याचा’, ‘बावीचा’ किंवा ‘उतरणीचा’ असतो, आणि आंबा पडून वीस वर्षे झाली असली तरी नाव टिकलेले असते. दोन माणसांकडून स्वतंत्रपणे ऐकलेली गोष्ट जमिनीवर तपासावी आणि एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट तशीच लिहून ठेवावी. फेकून मात्र काहीच देऊ नये.

जमीन वाचणे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा, आणि एक पूर्ण वर्ष देता आले तर उत्तम. मैदान ऋतूगणिक वेगळे बोलते. कार्तिकात कातळावरील पातळ माती वाळू लागते आणि गवत पिवळे पडते, पण जेथे पूर्वी खळगा होता आणि तो नंतर मातीने भरला गेला, तेथे ओल अधिक दिवस टिकून हिरवा ठिपका उरतो. उलट, दगड-मुरूम धुमसून बनवलेली जुनी टी (होलचा पहिला फटका मारण्याची जागा) सर्वांत आधी करपते आणि तिचा चौकोन गवतात उमटतो. दर पंधरवड्याला उंचावरून एकाच जागेवरून फोटो काढले तरी हे दिसते. ड्रोन वापरायचा असल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ती जागा कोणत्या क्षेत्रात येते हे आधी पाहावे. नौदलाच्या आणि विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर अशा जागा थोड्याथोडक्या नाहीत.

संशयित बंकर सापडला की त्यात चाचणीचा चर घ्यावा. येथे यंत्र आणू नये. कुदळ, फावडे आणि घमेले पुरे. खळग्याच्या बाहेरून आत, कडेला काटकोनात, दीड फूट रुंद आणि अडीच ते तीन फूट खोल चर घ्यावा आणि त्याची एक भिंत खुरप्याने उभी, सपाट तासावी. भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारला की थर रंगांनी सुटे होतात. सर्वांत वर मुळांचा काळसर पट्टा, त्याखाली पावसाने वाहून आणलेली मऊ तांबडी माती, तिच्याखाली शिंपल्यांचे बारीक तुकडे असलेली करडी वाळू आणि तळाशी कुदळीच्या खुणा असलेला जांभा, असा क्रम मिळाला तर बंकर खरा होता असे धरावे. वाळूचा तळ ज्या ठिकाणी वर चढून संपतो ती मूळ कडा, आणि तळाचा उतार हाच मूळ उतार. अशा तीन-चार चरांची मापे घेतली की बंकराचा आकार कागदावर उतरतो. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि चर त्याच थरांच्या क्रमाने पुन्हा भरून काढावा.

ग्रीनच्या कडा शोधण्यासाठी चराऐवजी नळीसारखे माती काढण्याचे अवजार वापरावे, म्हणजे पृष्ठभागाला इजा होत नाही. सध्याच्या कडेपासून बाहेर एकेका पावलावर माती काढत जावे. वर्षानुवर्षे टाकलेल्या वाळूचा थर जेथे एकदम संपतो तेथे जुनी कडा होती. माळी कापणी करताना कोपरे गोल करत जातो, त्यामुळे ग्रीने दर वर्षी थोडी थोडी आक्रसतात, आणि खड्ड्याला लागून असलेले सर्वांत अवघड कोपरे सर्वांत आधी नाहीसे होतात. मैदान सोपे आणि कंटाळवाणे का झाले, याचे उत्तर बहुधा त्या हरवलेल्या कोपऱ्यांत सापडते.

सड्यावरील, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरील, मैदान असेल तर आणखी एक दक्षता हवी. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातील सड्यांवर कातळशिल्पे आहेत, आणि कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. मातीच्या पातळ थराखाली किंवा वाळलेल्या गवताखाली ती सहज झाकली जातात. कातळ उघडा असलेल्या प्रत्येक ठिकाणी झाडू मारून, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहणी करावी. काही आढळले तर काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवावे.

आराखडा आणि परवानग्या

पुराव्यांवरून प्रत्येक होलचा एक ताव तयार करावा. त्यावर आजची स्थिती, ठरवलेल्या सालची स्थिती, तिचा पुरावा आणि प्रस्तावित काम एवढ्याच गोष्टी असाव्यात. ज्या भागाचा पुरावा नाही तेथे ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहावे. समितीत मतभेद झाले की हा ताव वाद मिटवतो.

परवानग्यांचे काम वकिलावर पूर्ण सोपवू नये, पण त्याच्याशिवायही करू नये. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतील आणि खाडीकाठच्या जमिनीला किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना लागू होऊ शकते, म्हणून मंजूर नकाशावर मैदानाची जागा आधी तपासावी. शहर हद्दीत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची झाडे वारसा वृक्ष मानली जातात. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा पाहावा. मुरूम, माती किंवा वाळू बाहेरून आणायची वा उचलायची तर गौण खनिजाचा परवाना तहसील कार्यालयातून घ्यावा. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू उचलण्याचा विचारही करू नये. कांदळवनाला तर हातच लावू नये.

झाडे

जुन्या छायाचित्रात मैदान उघडे आणि आज तेथे दाट झाडी, असे चित्र जवळपास सर्वत्र दिसते. कोकणात यामागे वाऱ्यासाठी लावलेले सुरू आणि १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणात सर्रास लावलेले अकेशिया असतात. ही झाडे सावली धरून ग्रीनवरचे गवत मारतात, समुद्राचा वारा अडवतात आणि मूळ आखणीतील दिशा बुजवतात. वारा ही किनाऱ्यावरच्या मैदानाची निम्मी रचना असते, कारण बंकर आणि ग्रीनचा उतार तो कोठून येतो हे धरूनच ठरवलेले होते.

तरीही सरसकट तोड करू नये. आधी रानमोडी आणि घाणेरी काढावी. तेवढ्यानेच मैदान कितीतरी मोकळे होते. नंतर खालच्या फांद्या छाटून वारा आणि ऊन पाहावे. त्यानंतर जी झाडे खेळाची रेषा प्रत्यक्ष अडवतात आणि जी ठरवलेल्या सालानंतर लावलेली आहेत, तेवढ्यांसाठीच परवानगी मागावी. वड, आंबा, जांभूळ, कुडा आणि करवंदीच्या जाळ्या शक्यतो ठेवाव्यात. रफमध्ये करवंद असणे हे परदेशी झुडपापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, आणि चेंडू त्यात गेला तर काढायचा कसा, हा खेळाचाच भाग.

पाणी

चार गुंठ्यांची, म्हणजे साधारण ४०० चौरस मीटरची ग्रीन आणि एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस, असा हिशेब करून पाहावा. एवढ्या एका ग्रीनवर त्या दिवशी ८०,००० लिटर पाणी पडते आणि वरच्या उतारावरून येणारे वेगळेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे ध्यानात ठेवले तर २०० मिलिमीटरचा दिवस अपवाद वाटणार नाही. जुन्या आखणीकाराकडे यावर एकच उपाय होता, तो म्हणजे पाणी पृष्ठभागावरूनच लवकर आणि विखरून काढून देणे. म्हणून जुनी ग्रीने बहुधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असतात, त्यांचे पाणी दोन-तीन दिशांना उतरते आणि वरच्या बाजूला एक उथळ पाट बाहेरचे पाणी अडवून वळवतो.

हे पाट बुजलेले असतात, नष्ट झालेले नसतात. चैत्र-वैशाखात ते शोधून गाळ काढावा, चिऱ्यांची बांधणी ढासळली असेल तेथे जुनेच चिरे परत बसवावेत आणि मोऱ्यांची तोंडे मोकळी करावीत. मृगाच्या पहिल्या सरी आल्या की छत्री घेऊन मैदानावर जावे आणि पाणी प्रत्यक्षात कोठून कोठे जाते ते नकाशावर बाणांनी मांडावे. हे एकदा झाल्याशिवाय प्लॅस्टिकच्या नळ्या पुरण्याचे कंत्राट देऊ नये. बऱ्याच ठिकाणी नळ्यांची गरजच उरत नाही, आणि जेथे उरते तेथे ती किती व कोठे हे समजते.

जांभा सच्छिद्र असतो आणि पाणी पितो, पण त्यावर साचलेली चिकण माती पाणी धरून ठेवते. यासाठी एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तो दोनदा पाण्याने भरावा आणि दुसऱ्या वेळी पाणी उतरायला किती वेळ लागतो ते लिहावे. ही चाचणी प्रत्येक होलवर तीन ठिकाणी करावी. पाणी झटपट जिरते तेथे काळजी वेगळ्या प्रकारची घ्यावी लागते : सड्यावर जिरलेले पाणी उताराच्या पायथ्याशी झऱ्यांतून निघते आणि खालच्या वाडीच्या विहिरींत जाते. मैदानावर टाकलेले खत आणि फवारलेले औषध त्याच वाटेने लोकांच्या घागरीत पोहोचू शकते. म्हणून पावसाळ्यात रासायनिक खत देऊ नये, तणनाशक टाळावे आणि खालच्या विहिरींचे पाणी काम सुरू होण्यापूर्वी व नंतर दर वर्षी तपासून घ्यावे. किनाऱ्याजवळ सिंचनाच्या विहिरीचीही क्षारता एप्रिल-मे मध्ये तपासावी, कारण उपसा वाढला की गोडे पाणी खारवते आणि ते गवताला देणे म्हणजे पैसे देऊन नुकसान विकत घेणे होय.

ग्रीन की ब्राऊन

देशातील कितीतरी जुन्या मैदानांवर गवताची ग्रीने नव्हतीच. वाळूत तेल मिसळून, दाबून, रोलर फिरवून तयार केलेल्या पृष्ठभागांवर पटिंग, म्हणजे चेंडू हलक्या फटक्याने खळीत घालणे, होत असे; त्यांना ब्राऊन म्हणत. पट करण्याआधी कॅडी दांड्याला बांधलेल्या पट्ट्याने किंवा लहान रोलरने रेषा सपाट करून देई. आपल्या मैदानावर ठरवलेल्या साली ब्राऊन असतील आणि नळीने काढलेल्या मातीत तेलकट काळसर वाळूचा थर मिळाला असेल, तर निदान काही होलांवर ब्राऊन पुन्हा करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या हिरव्यागार गालिच्यांमुळे सभासदांना ते हलके वाटेल, पण पाण्याच्या टंचाईच्या किनाऱ्यावर ती परंपरा मूर्खपणाची नव्हती. अट एकच : त्या काळी वापरलेले इंजिनचे जळके तेल आता वापरायचे नाही, कारण ते घातक कचऱ्यात मोडते आणि खालच्या विहिरींचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. चाळलेली बारीक दगडी वाळू ओलसर करून दाबली आणि खेळाच्या दिवशी सकाळी हलके पाणी मारून रोलर फिरवला, तर पृष्ठभाग पुरेसा खरा मिळतो. जुना तेलकट थर उकरून इतस्ततः पसरवू नये.

गवताची ग्रीन असेल तर ती खोदून नव्याने बांधण्याचा मोह टाळावा. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली खडीवर सुमारे ३०० मिलिमीटर वाळूची पद्धत निचऱ्याला उत्तम आहे, पण ती बसवताना मूळ उंचसखलपणा जातो, आणि तोच तर वारसा आहे. आधी अर्ध्या मीटरच्या जाळीवर पातळी मोजून समोच्च रेषांचा नकाशा करावा. नंतर छिद्रे पाडणे, वाळू भरणे आणि हलकी माती मोकळी करणे ही कामे एक-दोन हंगाम करून पाहावीत. निचरा तरीही सुधारला नाही आणि बांधावेच लागले, तर त्या नकाशावरूनच पृष्ठभाग जसाच्या तसा परत आणावा.

हरवलेले कोपरे परत मिळवायला खोदकाम लागतच नाही. जुन्या कडेपर्यंत खुंट्या मारून तेथील गवत दर पंधरवड्याला थोडे थोडे खाली कापत जावे. हरळी स्वतःच पसरते. कापणी ३ मिलिमीटरवर नेण्याचा हट्ट मात्र धरू नये. जुन्या ग्रीनचे उतार संथ पृष्ठभागासाठी होते, आणि ५ ते ६ मिलिमीटरवर ठेवलेल्या गवतावर ते अजूनही खेळता येतात. वेग वाढवून उतार कापण्यापेक्षा वेग कमी ठेवून उतार जपावा.

बंकर, गडगे आणि लांबी

जुने बंकर सगळेच वाळूचे नसतात. काही नुसते गवताचे खळगे असतात, तर काहींपुढे मातीचा उंच बांध असतो. ज्यात वाळूचा थर सापडला नाही त्यात वाळू भरू नये. जेथे भरायची तेथे पांढरी शुभ्र वाळू टाळून स्थानिक छटेची, धुतलेली दगडी वाळू घ्यावी आणि वरच्या कडेला पाणी वळवणारी छोटी वरंब ठेवावी, नाहीतर श्रावण संपेपर्यंत वाळू फेअरवेवर आलेली असेल.

मैदानातून जाणारा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणभिंत, हा तर आयताच मिळालेला अडथळा. स्कॉटलंडमधील नॉर्थ बेर्विकच्या तेराव्या होलवर ग्रीनच्या अगदी पुढे दगडी भिंत आहे, आणि जगभरचे खेळाडू तो होल खेळायला जातात. आपला गडगा सिमेंट न लावता, चिरा-दगड तसाच रचून दुरुस्त करावा आणि स्थानिक नियमांत त्याचा उल्लेख करावा.

लांबीविषयी दबाव नक्की येईल. जुने बंकर आज ‘जागेवर नाहीत’ असे सभासद म्हणतात. कारण उघड आहे : १८९८ साली रबरी गाभ्याचा चेंडू आला, १९२९ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने गोल्फच्या काठ्यांच्या पोलादी दांड्यांना मान्यता दिली आणि त्यानंतर फटका लांबतच गेला. तरी बंकर सरकवू नयेत. जागा असेल तर मागे एक वेगळी, साधी टी करावी, आणि नसेल तर होल आखूडच राहू द्यावा. सर्वसाधारण सभासदाचा चेंडू अजूनही त्याच बंकरांत पडतो.

वेळापत्रक

मातीकाम दसऱ्यानंतर सुरू करून माघाअखेर संपवावे. गवताची लावणी भरपूर पाणी असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये, नसल्यास श्रावणाच्या उत्तरार्धात, पावसाचा जोर ओसरल्यावर करावी. आषाढातील लावणी वाहून जाते. मेअखेर एकही चौरस फूट उघडी माती शिल्लक राहू नये. उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथराव्यात आणि सपाट भागावर भाताचा पेंढा दाबून बसवावा. दर वर्षी तीनपेक्षा अधिक होल हाती घेऊ नयेत, म्हणजे एका पावसाने शिकवलेले पुढच्या वर्षी वापरता येते.

पहिल्या पावसाळ्यात मुख्य माळ्याकडे एक वही द्यावी. त्या दिवशीचा पाऊस किती झाला, कोठे पाणी साचले, किती तासांनी ओसरले आणि कोणत्या बंकराची कडा खचली, एवढेच त्याने रोज लिहावे. शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झालेल्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि नवरात्रात समितीने वही घेऊन अठरा होल पायी फिरावेत. दुरुस्तीचे कंत्राट त्यानंतरच काढावे.